सायलेन्सरला रंग लावण्याआधी



रात्रीची जेवणं उरकून, भांडी आवरून रेडिओजवळ बसला असाल. आज आम्ही पापड-लोणच्याचं बोलणार नाही आणि कर्जाच्या हप्त्याचंही बोलणार नाही. आज बोलायचं आहे गाडीच्या सायलेन्सरबद्दल. हसू नका! आता आपल्या गटागटांतून गाड्या आल्या आहेत. कुणाचा मासळीचा टेम्पो, कुणाची आंबा-काजूची पिकअप, कुणाची रिक्षा. गाडी घेताना आपण विमा बघतो, परमिट बघतो, टायर बघतो. गाडीखाली वाकून मात्र कुणी बघत नाही. आम्हीही बघितलं नव्हतं. त्याचा त्रास आमच्यातल्या एकीला भोगावा लागला. तसं तुमच्याकडे होऊ नये, म्हणून हे बोलणं. वही-पेन जवळ असेल तर घेऊन बसा, मध्ये लिहून घेण्यासारखं आहे.

आमचा गट बारा जणींचा, मासळी विकणाऱ्यांचा. पहाटे बंदरावर लिलावात मासळी घ्यायची, बर्फात भरायची आणि घाटाच्या पायथ्याच्या आठवडा बाजारांना न्यायची, हे आमचं काम. आधी भाड्याच्या गाडीनं जायचो. भाड्यात नफा जायचा आणि गाडीवाला येईल तेव्हा निघायचं. मग सगळ्यांनी मिळून कर्ज काढलं आणि पेट्रोलवर चालणारा एक जुना छोटा टेम्पो घेतला. गटातल्या सगळ्यांत धाकटीनं लायसन्स काढलं. ती गाडी चालवायची, आळीपाळीनं एक जण तिच्या शेजारी बसायची.

पहिल्या वर्षी सगळं नीट चाललं. दुसऱ्या वर्षी पावसाच्या तोंडावर कुणीतरी खाली वाकून पाहिलं, तर सायलेन्सर तांबूस झालेला. गंज! आमच्यातल्या एकीच्या घरी गेटला लावून उरलेला चंदेरी रंग होता. म्हटलं, चला, पैसे वाचले. ब्रश घेतला, गंजावरच दोन हात मारले. सायलेन्सर कसा नव्यासारखा चकचकीत दिसायला लागला. आम्ही खूश.

चौथ्या दिवशी घाटाच्या चढावर जळका वास यायला लागला, खालून धूर निघाला. गाडी थांबवून पाहिलं, तर रंगाला फोड आलेले, काही ठिकाणी काळा पडलेला, काही ठिकाणी पापुद्रे सुटलेले. आम्ही म्हटलं, रंग गेला तर गेला, धूर तरी थांबला. आणि विषय सोडून दिला.

पुढे श्रावणात गाडीचा आवाज बदलला. फटफट करायला लागली. जुनी गाडी आहे, आवाज करणारच, असं म्हणून तेही सोडलं. त्याच सुमारास आमची चालवणारी म्हणायला लागली, "घाट चढताना डोकं ठणकतं गं. मळमळतं. बाजारात उतरून तासभर गेला की बरं वाटतं, परत येताना पुन्हा तेच."

आम्ही काय म्हटलं असेल? एक म्हणाली, जागरण होतंय. दुसरी म्हणाली, पित्त आहे, रिकाम्या पोटी चहा घेऊ नको. तिसरीनं कोकमाचं आगळ आणून दिलं. आठ-दहा दिवस ती सांगत होती आणि आम्ही तिला औषधं सांगत होतो. पावसामुळे गाडीच्या काचा बंद असायच्या, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. एके दिवशी तिच्या शेजारी बसलेलीलाही उलटी झाली. दोघींना एकाच वेळी, एकाच रस्त्यावर पित्त कसं होईल? तेव्हा कुठे आम्ही टेम्पो मेस्त्रीकडे नेला.

मेस्त्रीकाकांनी गाडी वर घेतली आणि स्क्रू-ड्रायव्हरनं सायलेन्सरच्या पाइपावर टकटक केलं. एका जागी स्क्रू-ड्रायव्हर सरळ आत गेला. वरून आमच्या चंदेरी रंगाचा पापुद्रा, खाली गंजाचा चुरा आणि मध्ये बोटभर भोक. तेही बसायच्या जागेच्या बरोबर खाली. काका म्हणाले, "वयनी, भोक रंगान बुजणा नाय."

इंजिनाचा धूर मागच्या तोंडातून बाहेर जायचा, तो मध्येच सुटून केबिनमध्ये येत होता. या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. दवाखान्यात आपलं एचबी तपासतात ना, त्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. मग रक्त प्राणवायू वाहून नेणार कसा? आधी डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, पुढे गुंगी येते. जास्त झालं तर जीव जातो. ज्यांचं एचबी आधीच कमी आहे त्यांना हा त्रास लवकर होतो, आणि आपल्या बायकांत एचबी कमी असणाऱ्या किती असतात ते तुम्हाला माहीत आहे. गरोदर बाईच्या बाबतीत पोटातल्या बाळालाही धोका असतो.

तेव्हा ही खूण लक्षात ठेवा. गाडीत बसल्यावर डोकं दुखतं आणि मोकळ्या हवेत बरं वाटतं, एकीला नाही तर सोबतच्या दोघी-तिघींना होतं, तर तो पित्ताचा त्रास समजू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्या उतरा, मोकळ्या हवेत बसा आणि डॉक्टरांकडे जा. डॉक्टरांना "गाडीत धूर येत होता" असं मुद्दाम सांगा, कारण लक्षणांवरून पटकन कळत नाही. आमची पोरगी चार-पाच दिवसांत बरी झाली. पण ती सांगत असताना आम्ही ऐकलं नाही, ही गोष्ट अजून मनाला लागते. पीयूसीचा कागद होता गाडीचा. पण ती तपासणी मागच्या तोंडाशी होते, मधल्या भोकाचा पत्ता त्यात लागेलच असं नाही.

नवा सायलेन्सर बसवला. गटाच्या शिलकीतून साडेचार हजार गेले, चार बाजार बुडाले ते वेगळे. मग आम्ही ठरवलं की आता हा काय प्रकार आहे तो नीट समजून घ्यायचा. मेस्त्रीकाकांच्या गॅरेजवर आम्ही चार जणी तीन दुपारी बसलो. ते आता तुम्हाला सांगतो.

इंजिनात पेट्रोल जळतं. तो तापलेला धूर आधी इंजिनाला चिकटलेल्या भागात येतो. हा भाग बऱ्याच गाड्यांत बिडाचा असतो, आपल्या डोशाच्या तव्यासारखा. ओझं घेऊन चढ चढताना तो सहाशे-सातशे अंशांपर्यंत तापू शकतो. मग येतो धूर शुद्ध करणारा डबा, त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. तोही चारशे-सहाशे अंशांवर काम करतो. मग लांब पाइप आणि शेवटी सायलेन्सरचा डबा. मागे जाऊ तसा ताप उतरत जातो. शेवटचा डबा साधारण दीडशे ते तीनशे अंशांच्या दरम्यान असतो. पाणी १०० अंशांवर उकळतं, त्यावरून अंदाज करा. म्हणजे सगळ्या भागांना एकच रंग, एकच उपाय चालत नाही.

आता गंज का येतो? बाहेरून कारणं दिसतात. आपली खारी हवा, पाऊस, चिखल. आमच्या गाडीला तर आणखी एक कारण होतं. मासळीच्या पेट्यांतून बर्फाचं खारट पाणी टपटप खाली पडायचं, ते थेट तापलेल्या पाइपावर. पाणी उडून जायचं, मीठ तिथेच राहायचं. रोज मिठाचा एक थर!

पण गंज आतूनही येतो, हे आम्हाला माहीत नव्हतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. सकाळी गाडी सुरू केल्यावर सायलेन्सरच्या तोंडातून थेंब पडताना तुम्ही पाहिले असतील, ते हेच पाणी. लांबच्या फेरीत डबा तापतो आणि पाणी वाफ होऊन निघून जातं. पण बंदरापासून घरापर्यंत, घरापासून शाळेपर्यंत अशा छोट्या फेऱ्या मारल्या तर डबा तापतच नाही. पाणी आत साठतं, आणि ते थोडं आंबटही असतं. बाहेरून कितीही भारी रंग लावा, आतला गंज तो थांबवणार नाही. त्यासाठी आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवावी. काही सायलेन्सरच्या डब्याला खालच्या बाजूला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. ते रंगानं किंवा चिखलानं बंद होऊ देऊ नका.

आता रंगाकडे येऊ. गेटचा चंदेरी रंग का जळला? रंगात दोन गोष्टी असतात. एक रंग देणारी भुकटी आणि दुसरी तिला धरून ठेवणारा चिकटा. साध्या तेली रंगातला चिकटा तेलापासून बनलेला असतो. शंभर-सव्वाशे अंशांच्या पुढे तो पिवळा पडतो, मग करपतो. फोडणीचं तेल विसरलं की काय होतं ते आपल्याला माहीत आहेच.

उष्णता सोसणाऱ्या रंगातला चिकटा सिलिकोनचा असतो. वाळूत जो सिलिकॉन असतो त्यापासून तो बनवतात. त्यात ॲल्युमिनियमचे अगदी पातळ, चपटे कण असतात. माशाच्या अंगावर खवले कसे एकावर एक बसलेले असतात, तसे हे कण लोखंडावर एकावर एक बसतात आणि पाण्याला आत जाऊ देत नाहीत. हा रंगही चंदेरीच असतो! म्हणून दिसण्यावर जाऊ नका. डबीवर काय लिहिलंय ते वाचा, वाचता येत नसेल तर मुलांकडून वाचून घ्या. "हीट रेझिस्टंट" असे शब्द आणि त्यापुढे अंशांचा आकडा असतो. २००, ४००, ६०० असे वेगवेगळे प्रकार मिळतात. पाइपासाठी आणि मागच्या डब्यासाठी आम्ही ६०० वाला घेतला. फवारायची डबी चारशे रुपयांच्या आसपास मिळाली, आणि एका छोट्या गाडीच्या पाइपाला आणि डब्याला दोन हात पुरली.

आता लिहून घ्या. हे काम कसं करायचं ते क्रमानं सांगतो.

पहिलं, गाडी पूर्ण थंड हवी. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी घ्यावी. जमीन सपाट हवी, चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, जॅक सरकला तर माणूस गेलं! मेस्त्रीकडे लोखंडी स्टँड असतात, गाडी त्यांवर टेकवून घ्या. आम्ही तर सायलेन्सर मेस्त्रीकडून खाली उतरवून घेतला आणि अंगणात ठेवून रंगवला. ते सगळ्यांत सोपं पडलं.

दुसरं, टोकदार वस्तूनं हलके टोचून पाहा. कुठे मऊ लागलं, चुरा पडला, तर रंगाचं काम तिथेच थांबवा. आधी दुरुस्ती किंवा नवा भाग. जोडांपाशी काजळीचे काळे ओघळ दिसले तर तिथून धूर निसटतोय असं समजा. वेल्डिंग करून घेणार असाल तर पाण्याच्या जीआय पाइपाचा तुकडा जोडू देऊ नका. त्यावर जस्ताचा मुलामा असतो. वेल्डिंगच्या वेळी त्याचा धूर होतो आणि तो छातीत गेला की ताप-थंडी भरते. साधा काळा पाइप किंवा सायलेन्सरसाठीचाच पाइप वापरायला सांगा.

तिसरं, घासणं. आणि मैत्रिणींनो, सगळं काम इथेच आहे. आधी पाण्यानं आणि साबणानं चिखल, मीठ, तेलकटपणा धुऊन घ्या आणि उन्हात कडक वाळवा. मग तारेच्या ब्रशनं गंज काढा. मग पॉलिश पेपरनं घासा, आधी ८० नंबरचा, नंतर १२० नंबरचा. लोखंडाचा पांढुरका रंग दिसेपर्यंत. आम्ही चौघींनी मिळून तीन तास घासलं आणि रंग मारायला दहा मिनिटंही लागली नाहीत. एक गोष्ट मात्र सांभाळा. बऱ्याच सायलेन्सरना कारखान्यातूनच ॲल्युमिनियमचा मुलामा असतो. जिथे तो चांगला आहे, गंज नाही, तिथे तारेचा ब्रश चालवून तो ओरबाडू नका. तिथे हलका पॉलिश पेपर फिरवला की पुरे. घासताना डोळ्यांवर चष्मा, नाका-तोंडाला मास्क आणि हातांत मोजे हवेत. पदर खोचून घ्या.

चौथं, घासून झाल्यावर थिनरनं भिजवलेल्या स्वच्छ सुती कापडानं पुसून घ्या. त्यानंतर उघड्या हातानं शिवू नका. हाताचा तेलकटपणा लागला की तिथून रंग सुटतो. खाली रेड ऑक्साइडचा साधा प्रायमर लावायचा नाही. गेटला तो चालतो, इथे तो जळतो आणि वरचा चांगला रंग घेऊन पडतो. हा रंग उघड्या लोखंडावरच बसवायचा असतो.

पाचवं, रंग. उघड्यावर, कोरड्या दिवशी, वाऱ्याकडे पाठ करून. जवळ चूल, विडी, उदबत्ती काही नको, कारण फवारा पेट घेतो. डबी चांगली हलवा, वीतभर अंतरावरून पातळ हात मारा. डबीवर लिहिलं असेल तितका वेळ थांबा, मग दुसरा पातळ हात. जाड थर मारलात तर तापल्यावर फोड येतात. धिरडं जाड झालं की आत कच्चं राहतं, तसंच. गरोदर बाई, दम्याची बाई आणि लहान मुलं लांब ठेवा. थिनरचा वास साध्या मास्कनं अडत नाही.

सहावं, भाजणं. हा रंग नुसता हवेत वाळून पक्का होत नाही, त्याला आच लागते. बिडाचा नवा तवा आपण कसा तेल लावून, मंद आचेवर, पुन्हा पुन्हा तापवून तयार करतो? अगदी तसंच. एक दिवस वाळू द्या. मग सायलेन्सर बसवून मोकळ्या जागी इंजिन दहा मिनिटं चालू ठेवा, बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या. दुसऱ्यांदा वीस मिनिटं, पुन्हा थंड. मग एक लांब फेरी मारून या. डबीवर वेगळी रीत लिहिली असेल तर ती पाळा. पहिल्या एक-दोन वेळा थोडा धूर आणि वास येतो, तो रंग पक्का होतानाचा असतो. त्या वेळी गाडीत कुणी बसू नये. भाजून होईपर्यंत त्याला पाऊस लागू देऊ नका.

आता कुठे रंग लावायचा नाही ते सांगतो. सायलेन्सर ज्या रबरांवर लटकतो त्या रबरांना नाही. वायर जोडलेला जो छोटा सेन्सर पाइपात बसवलेला असतो त्याला नाही, त्यावर कागद आणि चिकटपट्टी गुंडाळून झाका. ब्रेकच्या नळ्यांना नाही. जाळीदार लवचीक तुकडा असतो त्याला नाही. धूर शुद्ध करणाऱ्या डब्याला आणि इंजिनाला चिकटलेल्या भागाला आपण हात लावू नये, ते काम मेस्त्रीचं. त्यावर पत्र्याचं झाकण असतं, ते खडखडतं म्हणून काही जण काढून टाकतात. तसं करू नका. ते आगीपासून वाचवायला असतं.

आणखी एक विचारलं जातं. पाइपाला काचधाग्याची पट्टी गुंडाळली तर? शर्यतीच्या गाड्यांना गुंडाळतात, त्यानं उष्णता आत राहते. पण आपल्या हवेत ती पट्टी पाणी आणि मीठ धरून ठेवते आणि आतला पाइप लवकर सडतो. आपल्याला ती नको. जुन्या गॅरेजमध्ये कुणी ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळून देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा. तिचे तंतू श्वासातून गेले तर वर्षांनंतर फुप्फुसाचे मोठे आजार होतात. सिरॅमिकचा लेपही असतो, पण तो खास ठिकाणी करून घ्यावा लागतो, महाग पडतो. आपल्या टेम्पोला त्याची गरज नाही. आणि सायलेन्सर मुळात स्टेनलेस स्टीलचा असेल तर रंगाचीही फारशी गरज नाही, धुऊन पुसून ठेवला तरी चालतो.

रंग लावल्यानं सायलेन्सर थंड होत नाही, हेही लक्षात असू द्या. वाळलेल्या गवतावर, पेंढ्यावर गाडी उभी करू नका, आग लागते. मोटारसायकलवर मागे बसताना, उतरताना पाय सांभाळा. आपल्या किती जणींच्या पोटरीवर त्या भाजल्याचे डाग आहेत! भाजलंच तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं पाय धरा. टूथपेस्ट नको, शाई नको, हळद नको. फोड फोडू नका. मोठं भाजलं असेल तर दवाखाना.

रंगापेक्षाही जास्त उपयोग आम्हाला कशाचा झाला सांगू? खारट पाण्याची वाट बदलल्याचा. टेम्पोच्या हौद्याला मागच्या बाजूला थोडा उतार दिला, खाली जाड प्लास्टिक अंथरलं, आणि कोपऱ्यात नळी बसवून पेट्यांचं पाणी कॅनमध्ये घेतलं. पाइपावर थेंब पडणं बंद झालं आणि रस्त्यावर घाण पाणी सांडणंही थांबलं. बाजारातून आल्यावर गाडी थंड झाली की खालून गोड्या पाण्याचा फवारा मारतो. तापलेल्या सायलेन्सरवर गार पाणी मारायचं नाही.

दुसरी गोष्ट, वेळ. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे मासेमारी बंद असते. आम्ही ते दोन महिने टेम्पो ताडपत्री घालून नुसता उभा ठेवायचो. आत पाणी साठलेलं, बाहेर दमट हवा, म्हणजे गंजाला दोन महिने आंदणच दिलेले. आता आम्ही मे महिन्यात, कडक ऊन असतानाच, घासणं आणि रंगाचं काम उरकतो. बंदीच्या काळात दर आठवड्याला गाडी एक लांब फेरी मारून आणतो. कुणाचं खत, कुणाची भाताची रोपं, कुणाचं घरसामान, भाडंही मिळतं.

तिसरी गोष्ट, पैसे. कर्जाचा हप्ता, पेट्रोल, विमा एवढंच आम्ही हिशेबात धरत होतो. दुरुस्तीचा रकाना वहीत नव्हताच. म्हणून गेटचा उरलेला रंग शोधावा लागला. आता प्रत्येक बाजाराच्या फेरीमागे पन्नास रुपये गाडीच्या नावानं वेगळे टाकतो. आणि महिन्याच्या सभेत एक प्रश्न ठरलेला असतो, तो चालवणारीला विचारायचा: "गाडी कशी आहे आणि तू कशी आहेस?" ती जे सांगेल ते इतिवृत्तात लिहायचं. आवाज बदलला, वास येतो, डोकं दुखतं, काहीही असो. लिहिलं की पुढच्या सभेत विचारावंच लागतं की त्याचं काय केलं.

गाडीखाली बायका काय शिरणार, असं आमच्या वाडीतही म्हणाले. आमच्या दोघी-तिघींनाही आधी लाज वाटली. पण चूल सारवताना, तवा घासताना जे हात चालतात तेच इथे चालतात. वेल्डिंग आणि जोड मेस्त्रीकडेच द्यावेत. घासणं, पुसणं, रंगवणं, भाजणं आपल्याला जमतं. गेल्या मे महिन्यात शेजारच्या वाडीतल्या गटाच्या दोन गाड्यांचे सायलेन्सर आम्हीच रंगवून दिले, मजुरीही घेतली.

तेव्हा मैत्रिणींनो, उद्या सकाळी गाडी सुरू करण्याआधी एकदा खाली वाकून बघा. तांबूस दिसलं तर घासायला काढा. मऊ लागलं तर मेस्त्रीकडे न्या. आणि गाडीत बसणारी एखादी "डोकं दुखतं" म्हणाली, तर आधी काचा उघडा, गाडी बाजूला घ्या आणि तिला काय होतंय ते विचारा.

आमची ती धाकटी आता पुन्हा घाट चढते. हे बोलणं लिहून झाल्यावर आम्ही तिलाच पहिल्यांदा वाचून दाखवलं. म्हणाली, "सगळं बरोबर लिहिलंत, पण आगळाचं नाव बदनाम करू नका, ते बरं होतं."